पोराच्या तोंडी शब्द कुणाचे?

मे महिना आला की आमच्या परळ-लालबागकडे दोन गोष्टी हटकून होतात. चर्चच्या दारावर सुट्टीतल्या शिबिराचा कागद लागतो, आणि धर्मरक्षकांच्या पोटात दुखायला लागतं.

कागदावर फार काही नसतं. आठ-दहा दिवस, सकाळची वेळ, शाळकरी पोरं. गाणं, वाद्य, नाटक, चित्रं आणि शेवटी खाऊ. फी नाही, किंवा असून नसल्यासारखी. पण एवढ्याशा कागदानं गिरगावापासून दादरपर्यंत संस्कृतीला धरणीकंप होतो. मग चाळीत पत्रकं येतात. कपाळाला टिळा ओढलेली चार पोरं जिने चढून आयाबायांना सांगत सुटतात, "मावशी, पोरीला तिकडं धाडू नका. गिटार शिकवायच्या नावाखाली बाटवतात."

बाटवतात! अरे, ज्यांची सावली पडली म्हणून तुमच्या बापजाद्यांनी आंघोळी केल्या, १९२७ साली ज्यांनी महाडला ओंजळभर पाणी प्यालं म्हणून शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून तुम्ही अख्खं चवदार तळं शुद्ध करून घेतलं, त्यांना आता कुणी बाटवील याची तुम्हाला काळजी? जो तुमच्या लेखी जन्मानंच बाटलेला, तो पुन्हा बाटतो कसा? कुठल्या शास्त्रात लिहिलंय ते एकदा दाखवा.

मी त्या चौघांतल्या एकाला जिन्यातच गाठलं. म्हटलं, "भाऊ, तू शिकवतोस का पोरींना पेटी? जागा मी देतो." तो म्हणाला, "आम्ही संस्कारवर्ग घेतो की."

"त्यात काय शिकवता?"

"श्लोक."

"आणि?"

आणि काही नाही. अकरा महिने आमची पोरं गटाराच्या कडेला क्रिकेट खेळतात, मोबाइलमध्ये डोळे घालून बसतात, नाक्यावर कुणाच्या तरी टोळीचा झेंडा धरतात, तेव्हा यांच्या धर्माला जाग येत नाही. पोरानं गळा उघडला, पोरगी माईकसमोर उभी राहिली, की मात्र धर्म संकटात. म्हणजे यांचं दुखणं येशू नाही, दोस्तहो. यांचं दुखणं आमच्या पोरांचा उघडलेला गळा आहे.

*

ही शिबिरं म्हणजे काय ते नीट सांगतो. कारण न बघता ओरडणारे दोन्हीकडे आहेत.

मराठी ख्रिस्ती मंडळी याला सुट्टीतली बायबल शाळा म्हणतात. मूळ कल्पना अमेरिकेतली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची. न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतली पोरं उन्हाळ्यात रस्त्यावर हुंदडतात, त्यांना बसवायचं कुठं, या प्रश्नातून निघालेली. आता ती जगभर पसरली आहे. सकाळी प्रार्थना, मग हातवारे करत म्हणायची गाणी, मग बायबलातली एक गोष्ट, एक वचन पाठ, मग गटागटानं नाटक आणि वाद्य. शेवटच्या रविवारी आईबापांसमोर कार्यक्रम. मोठ्या पोरांची शिबिरं कधी लोणावळ्याकडे डोंगरात होतात, तिथं चार दिवस राहायचं असतं.

माझ्या थोरल्या बहिणीची पोर चौदा वर्षांची. बाप दादरच्या फुलबाजारात हमाली करतो. ती दोन उन्हाळे अशा शिबिरात गेली. काय शिकली ते मी कान देऊन ऐकलं. चार सुरांत गायला शिकली. वरच्या पट्टीतल्या पोरी एक ओळ धरतात, खालच्या पट्टीतल्या दुसरी, पोरं तिसरी आणि चौथी. चौघांचे सूर वेगळे आणि गाणं एक. शेजारचा काय गातोय ते ऐकायचं, पण त्याच्या सुरात वाहून जायचं नाही. आपला सूर सोडायचा नाही. आमच्या भजनात एक बुवा सांगतो आणि बाकीचे त्याच्या मागून ओढतात. हे त्याहून निराळं आहे. पोराला माणसांत उभं राहून स्वतःचा सूर धरायला शिकवणं ही काय साधी गोष्ट आहे?

शिवाय प्रेक्षकांना पाठ न दाखवता बोलायचं, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा, दुसऱ्याचं वाक्य संपेपर्यंत थांबायचं. हे शिकवायला दादरला वर्ग आहेत की. पण त्यांची फी ऐकली की हमालाचं पोर जिन्यावरूनच परत फिरतं. दादर-गिरगावनं मुलांसाठी नाटक केलं नाही असं कोण म्हणतो? सुधा करमरकरांनी १९५९ साली मुलांचं नाटक मोठ्या थाटात उभं केलं. रत्नाकर मतकरींनी पुढं तेच व्रत चालवलं. सत्तरच्या दशकात छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकांनी धुमाकूळ घातला. चांगलं झालं. पण नायगावच्या, डिलाईल रोडच्या, काळाचौकीच्या पोरांपैकी त्या शाळेचा जिना किती जण चढले? ज्यांना ती वाट माहीतच नव्हती त्यांच्या दारात चर्चचा कागद आला. चर्चनं जागा चोरली नाही. जागा रिकामीच होती.

आणि गळ्याला भाकरी असते हेही चर्चनं दाखवलं. गोव्यात गावोगाव चर्चच्या शाळा होत्या. तिथं पोरं स्वरलिपी वाचायला, व्हायोलिन वाजवायला शिकली. तीच पोरं मुंबईत धोबीतलावाच्या गावकीच्या कुडांत उतरली आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात जाऊन बसली. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही त्यांतलीच नावं. तुम्ही ज्या गाण्यांवर डोळे मिटून डोलता, त्यांचे वाद्यमेळ यांच्यासारख्यांनी लिहिले. त्याच काळात आमचा माणूसही वाजवत होता. हलगी वाजवत होता. पण दुसऱ्याच्या वरातीपुढं, जत्रेत, मढ्यापुढं, बलुत्याच्या चार पेंढ्यांवर. त्यांचं वाजवणं कसब झालं. आमचं वाजवणं जात राहिलं. फरक हाताचा नव्हता, दोस्तहो. फरक कागदाचा होता. त्यांना सूर लिहिता आला, आम्हाला लिहूच दिला नाही.

*

आता धर्मरक्षकांचा हिशेब.

कोवळ्या पोरांना मिशनरी पळवतात ही बोंब नवी नाही. ती याच गिरगावात पावणेदोनशे वर्षांपूर्वी उठली होती. अमेरिकन मिशनरी मुंबईत आले ते १८१३ साली. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन १८२९ साली आले, आणि त्यांची शाळा पुढं विल्सन कॉलेज म्हणून चौपाटीवर उभी राहिली. त्या शाळांत पोरं कुणाची होती? शेणगोळा करणाऱ्यांची? नाही. इंग्रजी शिकून कंपनी सरकारात चिकटायचं होतं त्यांची. मग १८४३ साली नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला. आकांत झाला. कोर्टानं श्रीपतला बापाच्या हवाली केलं. आता गंमत बघा. पोर परत आलं, तर जातवाले त्याला घेईनात! मिशनऱ्याच्या घरचं खाल्लं, म्हणजे संपलं. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर त्याच्या शुद्धीसाठी उभे राहिले, तर सनातनी त्यांच्यावरच उलटले. म्हणजे ज्या पोरासाठी कोर्टात छाती बडवली, त्याच पोराला पंक्तीत पाट मिळेना. हे यांचं पोरांवरचं प्रेम! नारायण शेषाद्री मात्र पुढं जालन्याजवळ गेला आणि तिथं महार-मांगांना घेऊन त्यानं बेथेल नावाची वस्ती उभी केली.

दुसरी गोष्ट. नगरच्या ख्रिस्ती घरातलं एक पोर नाटकात गाऊ लागलं. त्याचं नाव शाहू मोडक. १९३२ साली 'श्यामसुंदर' बोलपटात ते कृष्ण झालं. १९४० साली प्रभातच्या 'संत ज्ञानेश्वर'मध्ये ज्ञानेश्वर झालं. साऱ्या महाराष्ट्रानं त्याला हात जोडले. तेव्हा कुणी म्हणालं नाही, की हिंदूंनी ख्रिस्ती पोर नाटकाच्या नावाखाली बाटवलं! ख्रिस्ती पोरानं कृष्ण केला तर ती कला. बौद्ध पोरीनं दहा दिवस येशूचं गाणं म्हटलं तर ते कारस्थान. वा रे न्याय.

आणि हा नुसता बोंबलण्याचा मामला राहिलेला नाही. २०२५च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारनं पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायदा कसा करायचा ते बघायला. असे कायदे ओरिसानं १९६७ साली आणि मध्य प्रदेशानं १९६८ साली केलेच होते, त्यानंतर अनेक राज्यांनी केले. या कायद्यांत एक शब्द ठेवलेला असतो. आमिष, प्रलोभन. आता सांगा, हमालाच्या पोरीला फुकट कीबोर्ड शिकवला तर ते आमिष की शिक्षण? वडापाव आणि सरबत दिलं तर? हे ठरवणार कोण? पोलीस ठाण्यातला हवालदार आणि त्याच्या खुर्चीमागं उभी राहिलेली ती टिळेवाली पोरं.

आपल्यातल्या काहींना वाटतं, हा ख्रिस्ती लोकांचा प्रश्न आहे, आपण कशाला पडायचं? अरे, डोळे उघडा. गुजरात सरकारनं एप्रिल २०२४मध्ये परिपत्रक काढलं, की बौद्ध धर्म हा वेगळा धर्म धरायचा आणि तो स्वीकारायचा तर कलेक्टरची आगाऊ परवानगी घ्यायची. कळलं? आज चर्चच्या शिबिराच्या दाराला लागणारं कुलूप उद्या दीक्षेच्या मंडपाला लागणार आहे. किल्ली एकच आहे.

धर्मांतर हा शब्द त्यांच्या तोंडी शिवी असेल. आमच्या घरात तो सणाचा दिवस आहे. याच दादर-नायगावात, याच मे महिन्यात, १९३६ साली बाबासाहेबांनी आमच्या लोकांना समोर बसवून धर्म का सोडायचा ते मुद्देसूद समजावून सांगितलं. लपवून नाही. फसवून नाही. आणि तिथून वीस वर्षं विचार करून १९५६ साली नागपूरला दीक्षा घेतली. तेव्हा आम्हाला धर्मांतराची भीती घालू नका. आम्ही ते पिऊन बसलोय.

*

एवढं बोललो म्हणून चर्चवाल्यांनी टाळ्या वाजवू नयेत. आता त्यांच्याकडे वळतो.

बहिणीच्या पोरीच्या शिबिराचा शेवटचा कार्यक्रम बघायला मी गेलो होतो. पोरांनी चांगल्या शोमरोन्याची गोष्ट केली. वाटेत लुटारूंनी एका माणसाला मारून अर्धमेलं टाकलेलं असतं. याजक येतो, बघतो, बाजूनं निघून जातो. लेवी येतो, तोही निघून जातो. मग शोमरोनी येतो, जखमा बांधतो, त्याला आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेतो, त्याच्या खर्चाचे पैसे भरतो. भाचीनं शोमरोनी केला. जीव ओतून केला. मागच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द पोचला.

कार्यक्रम संपल्यावर मी तिथल्या शिकवणाऱ्या सरांना विचारलं, "सर, याजक का थांबला नाही हे पोरांना सांगितलंत का?"

ते म्हणाले, "भाऊ, मुलं लहान आहेत. प्रेमाचा संदेश पोचला की झालं."

"पण शोमरोनी म्हणजे कोण?"

"परोपकारी माणूस."

परोपकारी! शोमरोनी म्हणजे यहुद्यांनी वाळीत टाकलेली जमात. बायबलातच गोष्ट आहे. विहिरीवरच्या शोमरोनी बाईकडे येशू पाणी मागतो आणि तीच चकित होते, की हा यहुदी माझ्याकडे पाणी कसं मागतो. हे ऐकून आमच्या कुठल्या पोराला चवदार तळं आठवणार नाही? गोष्टीतला याजक म्हणजे देवळातला पुजारी. मेलेल्याला शिवलो तर विटाळ होईल म्हणून तर तो बाजूनं गेला नसेल? आणि हात पुढं करणारा वाळीत टाकलेला. एवढी जळजळीत गोष्ट! सांगणारा सुतार होता, त्यानं ती धर्मपंडिताच्या तोंडावर मारली होती. आणि तुम्ही तिचं काय केलंत? जातीचा माणूस घेतला, त्याची जात पुसली आणि परोपकार तेवढा शिल्लक ठेवला. ज्या पोरीच्या आज्याला गावच्या विहिरीवर चढू दिलं नाही, तिच्याकडून शोमरोन्याचं काम करवून घेतलं आणि तिलाच सांगितलं नाही, की बाई, हा तूच आहेस.

का सांगितलं नाही? कारण ते सांगितलं तर पोरगी पुढचा प्रश्न विचारील. म्हणेल, सर, आपल्या चर्चमध्ये लग्नं कुणाची कुणाशी लागतात? गोव्यात चर्चच्या उत्सवांचे मानसुद्धा जातीजातीच्या मंडळांनी वाटून घेतले होते. बाबासाहेबांनी मिशनऱ्यांना नेमकं इथंच पकडलं होतं. त्यांनी लिहून ठेवलंय, की धर्म बदलला तरी ख्रिस्ती झालेल्यांतली जात गेली नाही, आणि मिशनऱ्यांच्या शाळा-कॉलेजांचा फायदा घेतला तो मुख्यतः वरच्या जातींनी. त्या वरच्या जातींचे नातू आज मिशनऱ्यांच्या विरुद्ध पत्रकं वाटतात, तो भाग वेगळा.

बाहेर राज्यव्यवस्थेनं काय केलं? १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं हिंदू सोडून इतरांना अनुसूचित जातींतून बाहेर काढलं. १९५६ साली शिखांना आत घेतलं. आम्हा बौद्धांना महाराष्ट्रानं १९६० साली सवलती दिल्या, केंद्रानं आत घ्यायला १९९० साल उजाडलं. ख्रिस्ती झालेला महार, ख्रिस्ती झालेला मांग आजवर बाहेरच आहे. २०२२च्या ऑक्टोबरात त्यासाठी न्या. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. म्हणजे सरकार म्हणतं, ख्रिस्ती झालास, तुझी जात संपली. आणि गल्ली म्हणते, ख्रिस्ती झालास तरी तुझी जात आम्हाला ठाऊक आहे. या कात्रीत सापडलेल्या पोरांना तुम्ही दहा दिवस आनंदाची गाणी शिकवता. त्यांच्या दुःखाचं एकही गाणं शिकवत नाही. सर, तुमच्या शिबिरात पोराला आवाज मिळतो, हे मी मान्य करतो. पण शब्द? शब्द सगळे तयार. छापील. पाठ करायचे आणि म्हणायचे.

आणि इथं तुम्ही आणि ते श्लोकवाले एकाच बाकावर बसता.

*

मग शब्द कुणाचे? याचं उत्तर आपल्याकडे आहे, आणि ते १८५५ सालचं आहे.

त्या साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' नाटक लिहिलं. जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. नाटकात एक जोशी कुणब्याला आणि त्याच्या गरोदर बायकोला ग्रहांची भीती घालून लुटतो. पाद्री येतो, तो त्यांचे डोळे उघडतो. आता पाद्री आला म्हटल्यावर नाटकाचा शेवट बाप्तिस्म्यात व्हायला हवा की नाही? पण तसं होत नाही. ते नवराबायको चर्चमध्ये जात नाहीत. ते फुल्यांच्या रात्रीच्या शाळेत जातात! जोतीरावांनी पाद्र्याकडून प्रश्न घेतला आणि उत्तर स्वतः लिहिलं. दक्षिणा प्राइज कमिटीकडे नाटक पाठवलं, तिथल्या भटमंडळींनी ते उडवून लावलं. ते छापून यायला १९७९ साल उजाडलं. सव्वाशे वर्षं! एका नाटकाला एवढं का घाबरले? त्यात एक कुणबीण स्वतःच्या डोक्यानं विचार करताना दाखवली होती म्हणून.

त्याच १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ता नावाच्या मांगाच्या पोरीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो छापला कुणी? अमेरिकन मिशनच्या 'ज्ञानोदय'नं. मिशनचं पत्र होतं, पण शब्द मुक्ताचे होते. तिला कुणी वचन पाठ करायला दिलं नव्हतं. तिनं धर्मालाच जाब विचारला होता. चर्चवाल्यांनो, तुमच्याच इतिहासातली ही गोष्ट आहे. तेव्हा जे तुम्ही छापलंत, ते आज तुमच्या शिबिरात म्हणू द्याल का?

चर्चचा सूर आणि आपले शब्द हे जमतं, हे अमेरिकेतल्या काळ्यांनी दाखवून दिलं. धन्याचा धर्म त्यांच्यावर लादला गेला. त्यांनी त्यातूनच स्वतःची गाणी काढली. गुलामी संपल्यावर फिस्क विद्यापीठाच्या पोरापोरींनी १८७१ पासून ती गाणी देशभर गाऊन आपली शाळा वाचवली. आणि १९६३च्या मे महिन्यात बर्मिंगहॅममध्ये शाळकरी पोरं चर्चमधून गात बाहेर पडली ती पोलिसांच्या गाड्यांत जाऊन बसली. हजारांनी. त्यांच्यावर कुत्री सोडली, पाण्याचे फवारे मारले. गाणं थांबलं नाही. तेही उन्हाळ्याचे दिवस, तेही चर्च, तीही चौदा-पंधरा वर्षांचीच पोरं. पण गाणं कशाचं? स्वातंत्र्याचं.

*

आता शेवटचा आणि कडू भाग. आपण काय केलं?

आपल्याकडे काय नव्हतं? भीमराव कर्डकांचा जलसा होता. नाशिकच्या तरुण पोरांनी १९३०च्या आसपास ढोलकी उचलली, तमाशाचा बाज घेतला, त्यातून देवाची आरती आणि चावटपणा काढून टाकला आणि चळवळ घरोघर पोचवली. वामनदादा कर्डक होते. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभं केलं, ते याच गिरणगावात गायलं. औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाच्या पोरांनी प्रा. चिटणीसांचं 'युगयात्रा' बाबासाहेबांसमोर केलं. परळच्या दामोदर हॉलमध्ये १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभेचा पाया घातला गेला. त्या सभेनं वसतिगृह काढलं, वाचनालय काढलं आणि पोरांसाठी हॉकी क्लबही काढला. हॉकी! बाबासाहेबांना कळत होतं, की पोराची संध्याकाळ ज्याच्या हातात, पोर त्याचं.

आणि आता? गिरण्या गेल्या. १९८२च्या संपानंतर त्या जागी मॉल उभे राहिले, कामगारांची कलापथकं पांगली. दामोदर नाट्यगृहाला २०२३च्या नोव्हेंबरात पुनर्विकासाच्या नावाखाली टाळं लागलं. चाळी पडतायत, टॉवर चढतायत, तालमीला जागा नाही. हे सगळं खरं. पण चौदा एप्रिलला डीजेच्या भिंती उभ्या करायला जागा मिळते ती कुठून? त्या भिंतीपुढं आमचं पोर नाचतं, गात नाही. त्याचा स्वतःचा आवाज त्यालाच ऐकू येत नाही. एका रात्रीच्या डीजेच्या पैशात दहा ढोलक्या आणि दोन पेट्या येतील, आणि त्या दहा वर्षं वाजतील.

आणि पोरींचं काय? आपण पोरींना स्टेजवर चढू देत नाही. कारण आपल्या आयांच्या मनात स्टेज म्हणजे तमाशाचा फड, आणि फड म्हणजे जातीनं लादलेली बेअब्रू. ही भीती खोटी नाही. महार पवळा नाचली आणि नाव झालं पठ्ठे बापूरावाचं. त्या कमाईची देणगी बाबासाहेबांनी नाकारली असं सांगतात. पण बाबासाहेबांनी बाईच्या जिवावरची कमाई नाकारली, बाईचा आवाज नाकारला नव्हता. आपण तो नाकारून बसलो. म्हणून आपल्या पोरीला इभ्रतीचं पहिलं स्टेज मिळालं ते चर्चच्या आवारात. त्याचा राग चर्चवर का काढायचा?

म्हणून सांगतो, फार मोठं काही नाही. येत्या मे महिन्यात दहा दिवस. बुद्धविहार आहे, समाजमंदिर आहे, तेही नसेल तर चाळीची गच्ची आहे. सकाळी नऊ ते बारा. ढोलकी, हलगी, पेटी, आणि मिळाला तर कीबोर्डसुद्धा. हलगी शिकवायला ज्याच्या बापानं वरातीपुढं वाजवली त्यालाच बोलवा, आणि त्याला सर म्हणा, मानधन द्या. चार सुरांत गायला शिकवायला चर्चमधल्या आपल्या ख्रिस्ती भावाबहिणींना बोलवा. त्यांच्यातले कितीतरी आपल्याच आज्याचे वंशज आहेत. ते येतील. पोरं पोरी निम्मी निम्मी. जात विचारायची नाही, धर्म विचारायचा नाही. तेलुगू, तामिळ, मुसलमान, जो येईल तो आपला.

अट एकच. नाटक तयार मिळणार नाही. पहिले पाच दिवस पोरांनी लिहायचं. पाण्याच्या रांगेतलं भांडण, वर्गात आडनाव विचारणाऱ्या बाई, बापाचा मुकादम, आईची दुखरी पाठ, टॉवरमध्ये मिळणाऱ्या घराचं लोणकढी स्वप्न. जे डोळ्यांनी पाहिलं ते. 'तृतीय रत्न' वाचून दाखवा, मुक्ताचा निबंध वाचून दाखवा, शोमरोन्याची गोष्टसुद्धा सांगा, अगदी याजकाच्या विटाळासकट. आणि म्हणा, आता तुमचं सांगा. बुद्धाचं वचनसुद्धा पोराला अर्थ न कळता पाठ करायला लावू नका. तसं केलंत तर आपण तिसरे श्लोकवाले.

आणि ज्या पोराला चर्चच्या शिबिरात जायचंय त्याला जाऊ द्या. त्याला अडवायला कुणी टिळा लावून जिना चढला, तर त्याच्या आडवे आपण उभे राहू. येशूसाठी नाही. आपल्या पोराच्या गळ्यासाठी.

जिना चढणाऱ्यांनो, तुम्हाला एवढंच सांगणं आहे. आमची पोरं कुणाचं गाणं गातात याची चौकशी करू नका. ती स्वतःचं गाणं लिहायला लागली, की ते तुम्हाला न विचारताच ऐकू येईल.

जय भीम.